पाण्याचा जोर ओसरतो तिथे

व्हिक्टोरिया राज्यातल्या कॅसलमेन गावाभोवतीच्या रानात चालायला लागलं, की पायाखालची जमीन धड नाही हे लगेच कळतं. पाचोळ्याखाली खड्डे, खड्ड्यांशेजारी मातीचे ढीग, आणि त्या ढिगांवर वाढलेली आयर्नबार्कची काळ्या सालीची झाडं. मधूनच एखादा गोल चर लागतो, मध्ये उंचवटा सोडून खणलेला. दीडशे वर्षांपूर्वी या चरांत चिकणमाती आणि पाणी घालत आणि चराबाहेरून फिरणाऱ्या घोड्याकडून त्यात दाताळं गोल गोल ओढवत. माती कालवली गेली की तिच्यात अडकलेलं सोनं सुटं होई. 1851 साली इथे बार्कर्स क्रीकच्या भागात एका मेंढपाळाला गारेत सोनं दिसलं आणि वर्षभरात जगाच्या कानाकोपऱ्यातून माणसं येऊन थडकली. ओढ्यांचे तळ खणून, उपसून, धुऊन ती पुढच्या गावाच्या बातमीमागे निघून गेली. मी ओढ्यातलं सोनं धुवायला शिकले ते याच जमिनीवर, त्यांच्या मागे राहिलेल्या मातीत.

मी राहते बेंडिगोला, कॅसलमेनपासून अर्ध्या तासावर. प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायचं काम करते. माहेर सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, गलाईवाल्यांचं. आमच्या भागात पावसावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून खानापूर-आटपाडीकडची घरंच्या घरं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगली. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, तमिळनाडूतल्या एका गावात दुकान चालवायचे. मोडीचं सोनं यायचं. त्याचा कस बघायचा, टाकणखार घालून मुशीत वितळवायचं, आम्लाने शुद्ध करायचं, लगड पाडायची. शाळेच्या सुट्टीत आम्ही तिकडे जायचो तेव्हा दुकानात उगाच फिरायची बंदी होती, कारण जमिनीवर पडलेला केरसुद्धा जपून ठेवलेला असायचा. झारेकरी यायचे, तो केर आणि भट्टीची राख विकत घेऊन जायचे आणि पाण्यात धुऊन त्यातनं सोनं काढायचे. इतक्या वेळा वितळलेलं सोनं मी पाहिलं होतं, पण जमिनीतून ते कसं निघतं हे पाहिलं नव्हतं. बेंडिगोत आल्यावर लक्षात आलं की माझ्या खिडकीतून दिसणारी टेकाडंच मुळी खाणीच्या उपशाची आहेत. मग राहवेना.

इथे कुणालाही सोनं शोधता येतं, मात्र त्यासाठी 'मायनर्स राइट' नावाचा परवाना लागतो. तो दहा वर्षं चालतो आणि त्याची फी तीस डॉलरच्या आत आहे. हा कागद हातात आला तेव्हा त्याच्या मागचा इतिहास मी मुद्दाम वाचून काढला. सुरुवातीला सरकार दरमहा तीस शिलिंगांचा परवाना घ्यायला लावायचं, सोनं मिळो न मिळो. ती रक्कम दुप्पट करायची घोषणा झाली तेव्हा 15 डिसेंबर 1851 रोजी कॅसलमेनजवळच्या च्यूटन इथे हजारो खाणकरी निषेधाला जमले आणि ती वाढ बारगळली. पुढे 3 डिसेंबर 1854 ला बॅलरॅटच्या युरेका इथे खाणकऱ्यांनी उभारलेल्या कोटावर सैनिकांनी पहाटे हल्ला केला. वीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतर 1855 मध्ये महिन्याचा परवाना रद्द होऊन वर्षाला एक पौंडाचा हा नवा हक्क आला, आणि त्याच्याबरोबर मतदानाचाही. एवढी किंमत मोजून मिळालेला कागद मी जपून घडी करून पाकिटात ठेवते.

या परवान्यावर फक्त हातातली अवजारं चालतात: फावडं, कुदळ, चाळणी, पॅन (माती धुवायची पसरट थाळी), छोटा स्लूस (माती धुवायची पन्हळ), मेटल डिटेक्टर. इंजिनाचं यंत्र लावून खणता येत नाही. झाड तोडायचं नाही, काठ पोखरायचा नाही, खणलेला खड्डा बुजवायचा. बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत जायचं नाही, खाजगी जमिनीवर मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि काही ओढे-नद्या तर पूर्णपणे वगळलेल्या आहेत. त्यामुळे पहिलं काम घरी, सरकारी नकाशे समोर घेऊन बसायचं. मला हे काम कंटाळवाणं कधीच वाटलं नाही. खडक कुठला, जुन्या खाणी कुठे, ओढा कोणत्या दिशेने वाहतो हे सगळं त्या नकाशांत असतं, आणि ओढ्यावर गेल्यावर त्यातलंच एकेक ओळखीचं होत जातं.

ओढ्यावर शिकवणारे मला माझ्याच गल्लीत भेटले. रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा. त्यांचे वडील आणि त्यांचेही वडील याच भागात खाणकाम करणारे. त्यांनी पहिल्यांदा मला ओढ्यावर नेलंच नाही. त्यांच्या परसात एका टबात पाणी भरलं, पॅनमध्ये साधी बागेतली माती घातली आणि तिच्यात शिशाचे हातोडीने चपटे केलेले बारीक छर्रे मोजून टाकले. म्हणाले, "हे सगळे परत दाखवा. शिसं हातून निसटत नाही असं झालं, की सोन्याचं बघू." शिशाची घनता पाण्याच्या साधारण 11 पट, सोन्याची 19 पट. म्हणजे ज्याला शिसं राखता येतं त्याच्या पॅनमधून सोनं सहसा जात नाही. नवख्या माणसाला ओढ्यात कणही न मिळण्याची दोन कारणं असू शकतात: तिथे सोनंच नाही, किंवा आहे पण पाण्याबरोबर वाहून गेलं. छर्ऱ्यांच्या या परीक्षेमुळे दुसरं कारण निकालात निघतं आणि मग रिकाम्या पॅनवरही विश्वास ठेवता येतो. प्रयोगशाळेत आम्ही यंत्र रोज आधी माहीत असलेल्या नमुन्यावर तपासून घेतो, ते याचसाठी. त्यामुळे आजोबांची ही पद्धत मला फार आवडली.

पॅन करणं हातात बसलं ते आईमुळे. आई तांदूळ रोळायची तेव्हा पाण्याच्या हेलकाव्यावर तांदूळ अलगद पुढे सरकायचे आणि खडे मागे तळाशी बसायचे. पॅनमध्येही नेमकं हेच घडवायचं असतं. आधी चाळलेली रेती पाण्याखाली धरून बोटांनी चांगली कुस्करायची. चिकणमातीचा एकही गोळा राहू द्यायचा नाही, कारण असा गोळा सोन्याचे कण अंगाला चिकटवून घेतो आणि गडगडत पॅनबाहेर जातो. घोड्यांचे ते गोल चर याच कारणासाठी होते. मग पॅन आडवी ठेवून डावी-उजवीकडे जोरात हलवायची. इथे हात आखडता घेऊन उपयोग नाही. सगळी रेती पाण्यात सैल झाली, तरच जड कण वाट काढत तळाला जातात. नंतर पॅन पुढे तिरकी करून पाण्यात बुडवायची आणि वर घ्यायची. वरचा हलका थर लाटेबरोबर निघून जातो. पुन्हा हलवायची, पुन्हा धुवायची. पिवळसर रेती जाते, मग करडी जाते, आणि शेवटी चमचाभर काळी वाळू उरते. ही लोहयुक्त खनिजांची वाळू गारेच्या दुप्पट जड असते, म्हणून सोन्याबरोबर मागे राहते. आता घाई करायची नाही. थोडं पाणी घेऊन पॅन हळूच फिरवली की काळी वाळू पंख्यासारखी पसरते, आणि ती जिथून सरकायला सुरुवात करते त्या अगदी मागच्या टोकाला सोनं असेल तर दिसतं.

ते ओळखायला मला कुणी सांगावं लागलं नाही. लहानपणापासून तोच रंग पाहिलेला. तरी आजोबांची रीत सांगते, कारण नवख्याला ती उपयोगी पडते. पॅनवर आपली सावली पाडायची. अभ्रकाची चमक उन्हातली असते, सावलीत मावळते. सोनं सावलीतही तितकंच पिवळं दिसतं. तरी शंका राहिली तर सुईने दाबून बघायचं. लोहमाक्षिक असेल तर भुगा होतो, सोनं असेल तर वाकतं. अगदी बारीक सोनं कोरडं असलं की पाण्यावर तरंगून निघून जातं, म्हणून पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा. आणि नवीन पॅनला कारखान्यातला तेलकट थर लागलेला असतो, तो आधी घासून काढायचा.

हे सगळं मात्र हाताचं काम झालं, सरावाने येतं. खरा अभ्यास ओढ्याचा आहे.

सोनं जड असल्यामुळे रोजचं पाणी त्याला जागचं हलवू शकत नाही. ते हलतं पुरात. पुराचा लोंढा ओढ्याच्या तळातली रेती, दगड, सोनं सगळं एकत्र उचलून नेतो, आणि जिथे लोंढ्याचा जोर जरा ओसरतो तिथे सगळ्यात आधी सोनं खाली बसतं. म्हणून ओढ्याच्या काठावर उभं राहून आज दिसणाऱ्या पाण्याकडे फारसं बघायचं नाही. तो दुथडी भरून वाहत असताना कुठून कसा गेला असेल ते डोळ्यांसमोर आणायचं. झाडांच्या बुंध्यांना किती उंचीवर काटक्या-गवत अडकलंय ते बघायचं. वळणावर पाणी बाहेरच्या काठाला धडकतं आणि आतल्या काठाला रेंगाळतं, म्हणून आतल्या बाजूची रेती तपासायची. मोठ्या धोंड्याच्या खालच्या अंगाला, प्रवाहाच्या आडोशाला, तपासायचं. अरुंद घळीतून ओढा एकदम पसरट होतो तिथे तपासायचं. काठावरच्या जुन्या गवताच्या मुळ्यांतसुद्धा पुरात वर आलेले कण अडकून राहिलेले असतात.

हे शिकताना मला आमच्या गावाकडची कोरडी नदी सारखी आठवायची. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झरे खणून आम्ही घागरी भरायचो, आणि झरा कुठे खणायचा ते म्हाताऱ्या बायका बरोबर दाखवायच्या: वळणाच्या आतल्या अंगाला, खडक आडवा आलेला असेल त्याच्या वरच्या बाजूला. पात्र कोरडं असताना पाण्याचा स्वभाव ओळखायचं ते ज्ञान होतं. दुष्काळी भागातल्या माणसाला ते कमीपणाचं वाटतं, सांगायला संकोच होतो. मला या परक्या देशातल्या ओढ्यावर त्याचा केवढा आधार वाटला! आजोबांना मी हे सांगितलं तेव्हा ते कुदळ खाली ठेवून ऐकत राहिले आणि त्या बायका आणखी काय काय बघायच्या ते विचारत राहिले.

कॅसलमेनच्या खडकाची रचनाही इथे मदतीला येते. पाटीचा दगड आणि वालुकाश्म यांचे थर इथे जवळपास उभे आहेत, पुस्तकं फळीवर उभी लावावीत तसे, आणि त्यांच्या कडा साधारण उत्तर-दक्षिण धावतात. ओढा पूर्व-पश्चिम वाहत असेल तर या कडा त्याच्या तळात एकामागून एक आडव्या येतात आणि प्रत्येक कडेमागे एक खाच तयार होते. रेतीतून झिरपत खाली आलेलं सोनं त्या खाचांत जाऊन बसतं. त्यामुळे मी ज्या ओढ्यावर काम करते (त्याचं नाव सांगत नाही, इथे तसा रिवाजच आहे) तिथे मी पसरट खणत बसत नाही. रेती बाजूला सारून खडक उघडा करते, वाकवलेल्या तारेने आणि जुन्या स्क्रूड्रायव्हरने खाच खरवडते, आत घट्ट बसलेली पिवळी माती चमच्याने काढते आणि शेवटी ब्रशने खाच साफ करून ती धूळसुद्धा बादलीत घेते. एका खाचेत अर्धा दिवस जातो. बादलीच्या तळाला जेमतेम दोन मुठी माती जमते. पण वरच्या रेतीच्या कितीतरी बादल्यांत नसतं ते त्या दोन मुठींत असतं.

हंगाम आपल्याकडच्यापेक्षा उलटा. हे ओढे उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, आटतात. शिवाय तेव्हा वणव्याची आणि सापांची भीती. काम करायचं ते जून ते सप्टेंबर, थंडीत. सकाळी गवतावर हिम असतं, पाण्यात हात घातला की थोड्याच वेळात बोटं आपली राहत नाहीत. ऑगस्टमध्ये वॉटल फुलतो आणि सगळा काठ पिवळाधमक होतो. रानात चालताना मात्र एक नियम कधीही मोडायचा नाही: पुढे बघत चालायचं, फोटो काढताना मागे सरकायचं नाही. जुन्या उभ्या खाणी अजून उघड्या आहेत. काहींच्या तोंडावर फांद्या आणि पाचोळा साचून जमीन असल्याचा भास होतो.

काही खायच्या आधी हात साबणाने धुवायचे, हेही आजोबांनी पहिल्या दिवशी बजावलं. इथल्या गारेत सोन्याबरोबर आर्सेनिकची खनिजं असतात, आणि जुन्या काळी दळलेल्या गारेतून सोनं पकडायला पारा वापरत. तो पारा मातीत अजून आहे; कधी पॅनमध्ये चंदेरी लेप चढलेला सोन्याचा कण येतो तो त्याच्यामुळेच. नाना सारी हयात आम्लाच्या वाफेत उभे राहिले. त्यांचा खोकला आमच्या घरात घड्याळाच्या टिकटिकीइतका नेहमीचा झालेला. सोन्याच्या कामात अंगावर काय घ्यावं लागतं हे मला माहीत आहे. या बाबतीत हलगर्जीपणा करणाऱ्यांना मी स्पष्ट बोलते, मग ते कितीही जुने जाणते असोत.

पहिले कण मिळाले तेव्हा मी नानांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न: "किती गुंजा भरलं?" तोळ्याचे बारा मासे आणि माशाच्या आठ गुंजा; गुंज म्हणजे एका ग्रॅमचा जेमतेम आठवा भाग. मी म्हटलं, नाना, पाच-पन्नास कण एकत्र केले तर एखादी गुंज भरेल. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग रोजगार सुटत न्हाई की गं." नाहीच सुटत. पेट्रोलचा खर्चसुद्धा निघत नाही, हे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधीच सांगते. याच राज्यातल्या मोलियागुलला 1869 मध्ये एका झाडाच्या मुळांपाशी, जमिनीखाली एक-दोन इंचांवर 'वेलकम स्ट्रेंजर' हा प्रचंड गोळा सापडला, त्यात 70 किलोंहून जास्त सोनं होतं, आणि तो तोलायला ताजवा पुरेना म्हणून ऐरणीवर फोडावा लागला. 1980 मध्ये किंगोवरला 27 किलोंचा सापडला, तोही मेटल डिटेक्टर घेऊन हौसेने हिंडणाऱ्याला. या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या ऐकूनच बहुतेक माणसं पॅन विकत घेतात. ओढ्यावर टिकतात ती माणसं वेगळ्या कारणाने टिकतात. गार पाण्यात वाकून, काल जिथे पाटी कोरी राहिली त्याच्या चार हात वर आज कण का आला, हा प्रश्न ज्यांना घरी परतल्यावरही सोडत नाही, ती.

पुढे गावी गेले तेव्हा काचेच्या छोट्या कुपीत ते कण घेऊन गेले. नानांनी पांढरा कागद अंथरला, भिंग आणि चिमटा काढला. उभ्या आयुष्यात इतकं सोनं हाताळलेल्या माणसाने निसर्गातलं, माणसाचा हात न लागलेलं सोनं पहिल्यांदा पाहिलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. एक कण भिंगाखाली उलटापालटा करून म्हणाले, "ह्याला अजून गार चिकटलीय." मग रंग बघून, कस तेविशीच्या घरात असावा असा अंदाज सांगितला. या भागातलं सोनं पंच्याण्णव टक्क्यांच्या पुढे शुद्ध असतं, म्हणजे त्यांचा डोळा अजून पक्का होता. आणि मग त्यांनी विचारलं, "बाळ, हे कुणाचं?"

गलाईच्या दुकानात हा प्रश्न रोजचा. मोडायला आलेलं प्रत्येक सोनं कुणाचं तरी असायचं. कुणाची बोरमाळ, कुणाचं दवाखान्यापायी निघालेलं मंगळसूत्र. नाना ते वितळवायचे, पण आधी नीट विचारायचे, आणि काही वेळा परत पाठवायचे, चार दिवस थांबा म्हणायचे. मी म्हटलं, नाना, हे कुणाचंच नव्हतं. डोंगरातनं सुटलं, ओढ्यात पडलं. कायद्यानं ज्याला सापडेल त्याचं. ते म्हणाले, "रान तर कुणाचं असंल?"

त्या प्रश्नाने मला नंतर स्वस्थ बसू दिलं नाही. हे रान जा जा वुरुंग लोकांचं. त्यांच्या पूर्वजांनी हजारो वर्षं हे ओढे, ही कुरणं सांभाळली, आणि सोन्याच्या त्या काही वर्षांत तळाची माती वर आणि वरची माती खाली झाली. ते आपल्या या भूमीला उलथी पडलेली भूमी म्हणतात. 2013 मध्ये राज्य सरकारने त्यांच्याशी करार करून या प्रदेशाचे परंपरागत मालक म्हणून त्यांना मान्यता दिली. ओढ्याकाठी आजही दगडी हत्यारांचे छिलके सापडतात. ते जिथे दिसतात तिथे मी खणत नाही, जागा बदलते.

आणि नंतर आलेल्यांचं? च्यूटनच्या वाटेवर पेनीवेट फ्लॅट नावाची टेकडीवरची दफनभूमी आहे. सोन्याच्या धांदलीत, 1852 ते 1857 या काळात, सुमारे दोनशे जणांना तिथे पुरलं, त्यातली बहुतेक तान्ही आणि लहान मुलं. गढूळ पाण्याने, हगवणीने गेलेली. दगडांच्या रांगांनी आखलेली ती इवली थडगी बघून आल्यावर ओढ्यातलं पाणी गढूळ करताना माझा हात आपोआप जपून चालायला लागला. चिनी खाणकऱ्यांची गोष्टही याच मातीत आहे. 1855 मध्ये व्हिक्टोरियाने प्रत्येक चिनी माणसावर उतरताना दहा पौंडांचा कर लावला. तो चुकवायला जहाजं शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात रोब या बंदरात थांबायला लागली, आणि तिथून ती माणसं कावडी खांद्यावर घेऊन चारशे किलोमीटरहून जास्त चालत इथे आली. इतरांनी धुऊन टाकून दिलेली माती त्यांनी पुन्हा धुतली आणि तिच्यातून सोनं काढलं. त्या चिकाटीचाही लोकांनी राग धरला. दुसऱ्या देशातून पोटासाठी आलेली मी, त्यांच्या ढिगाऱ्यांवर उभी राहून पॅन हलवते तेव्हा ही माणसं मला परकी वाटत नाहीत.

म्हणून मी काही गोष्टी परवान्यात लिहिल्यात त्याहून जास्त कडक पाळते. खड्डा त्याच दिवशी बुजवते, वरची माती वर आणि खालची खाली येईल अशा बेताने. पॅन वाहत्या पाण्यात न धुता टबात धुते आणि गढूळ पाणी काठापासून लांब ओतते. पॅनमध्ये शिसं नेहमीच येतं. जुन्या बंदुकांचे छर्रे, गोळ्या, गळाची वजनं. ते परत ओढ्यात टाकत नाही, डबीत भरून घरी आणते. माझी शिशाची डबी सोन्याच्या कुपीच्या कितीतरी पट जड आहे आणि मला तिचं समाधान वाटतं. डिटेक्टरवाल्या काही टोळक्यांनी चाळण करून सोडलेली जमीन बघते तेव्हा चीड येते. चार खड्डे बुजवायला किती वेळ लागतो?

सध्या माझं सगळं लक्ष एकाच प्रश्नावर आहे. ओढ्याच्या खालच्या वळणावरचे कण चपटे आणि कडा घासलेले असतात, म्हणजे ते लांबून वाहत आलेत. जसजशी मी वर सरकत गेले तसतसे कण खडबडीत होत गेले, आणि एका जागी असा कण आला की त्याच्या एका बाजूला गारेचा तुकडा अजून धरून होता. नानांनी भिंगाखाली धरला तो हाच. त्या जागेच्या वर डावीकडून एक छोटी घळ ओढ्याला मिळते. घळीच्या तोंडाच्या खाली कण आहेत. तोंडाच्या वर, मुख्य ओढ्यात, खाचांमागून खाचा धुतल्या तरी एकही नाही. परीक्षेसाठी टाकलेलं शिसं मात्र दरवेळी सगळं राहतं, म्हणजे हात बरोबर चाललाय. सोनं त्या घळीतून येतं याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही. पूर्वीच्या खाणकऱ्यांनी घळीच्या दोन्ही उतारांवरून ठरावीक अंतरावर माती घेऊन, धुऊन, कण कुठे थांबतात ते बघत गारेच्या मूळ शिरेपर्यंत माग काढला असता. मलाही तेच करायचंय. खणून शीर फोडायची नाहीये. कण सुटतो कुठून ती जागा एकदा डोळ्यांनी पाहायचीय.

घळीचा उतार नकाशावर खाजगी जमिनीत येतो. मी मालकांना पत्र लिहिलं: काय शोधतेय, किती माती घेणार, खड्डे कसे बुजवणार, जे मिळेल ते आधी त्यांना दाखवणार. आजोबांनी मजकूर वाचून एक वाक्य घालायला लावलं, फाटक जसं असेल तसंच ठेवेन, उघडं असेल तर उघडं आणि लावलेलं असेल तर लावलेलं. चार-पाच दिवसांनी उत्तर आलं. सध्या मेंढ्या विताहेत, त्यांना माणसांचा त्रास नको. सप्टेंबरच्या मध्यावर या, फाटकापाशी आलात की फोन करा, घळीत वरच्या अंगाला एक जुनी विहिरीसारखी खाण आहे ती मी स्वतः येऊन दाखवतो. नानांना हे वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "माणूस चांगला दिसतोय. जाताना रिकाम्या हातानं जाऊ नगंस." शेंगदाण्याची चटणी नि भाकरी बांधून न्यायचं ठरलंय.